प्रीमियम पिस्तूल घ्यायचं की नाही? आधी गेलेले 40 गुण शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही साडेतीन वर्षं 10 मीटर एअर पिस्तूल खेळताय, तेही एकाच मॉडेलच्या बेसिक आवृत्तीवर. सरासरी 600 पैकी 560 च्या आसपास येऊन अडकली आहे. त्याच मॉडेलची प्रीमियम आवृत्ती मिळतेय: ॲब्सॉर्बर (शॉटचा धक्का खाणारी यंत्रणा), इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, हव्या त्या बाजूला वळवता येणारी ग्रिप (मूठ), नेम धरायच्या जास्त ॲडजस्टमेंटच्या साईट्स. हातातलं पिस्तूल मनापासून आवडतं, म्हणूनच दुसऱ्या कंपनीकडे न वळता त्याचंच थोरलं भावंड घरी आणावंसं वाटतंय. आणावं का?

माझं मत: आत्ता नको. आधी ग्रिपकडे बघा, मग ट्रिगरकडे, आणि त्यानंतरही आकडा हलला नाही तर थोरल्या भावंडाचा विचार करा. पण हे मत तुमचं टार्गेट न बघता दिलेलं आहे. तुमचे गुण नेमके कुठे जातात ते तुम्हीच शोधून काढलंत, तर माझं मत खोडूनही काढू शकाल. ते कसं शोधायचं, हेच सांगण्यासाठी एवढं लांबलचक लिहितोय.

560 म्हणजे 60 शॉटमध्ये 40 गुण गेले. समजा कागदावर 28 टेन, 25 नाईन, 6 एट आणि एक सेव्हन आहे. बेरीज बरोबर 560 होते. आता बघा, त्या सात वाईट शॉटनी 15 गुण खाल्ले आणि नाईननी 25. हे सात शॉट टेन नव्हे, नुसते नाईन झाले असते तरी तुम्ही 568 वर असता. या सात शॉटचा पिस्तूल बेसिक की प्रीमियम याच्याशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. ते येतात घाईत ओढलेल्या ट्रिगरमधून, आठ-दहा सेकंद नेम होल्ड करून थकल्यावरही खाली न घेतलेल्या हातातून, आधीचा नाईन डोक्यात घोळवत मारलेल्या शॉटमधून. मागच्या दहा मॅचेसचे कागद किंवा प्रिंट काढा आणि अशी विभागणी करा. एट आणि त्याखालचे शॉट प्रत्येक मॅचला पाचपेक्षा जास्त निघाले, तर नव्या पिस्तुलाची चर्चा सध्या इथेच थांबवायला हरकत नाही.

आता भूमिती. ही एकदा नीट समजली की जाहिरातीतले निम्मे शब्द आपोआप गळून पडतात. टेनच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर, पेलेट (छर्रा) 4.5 मिलिमीटरचं, आणि रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत असलं की टेन. पुढे दर 8 मिलिमीटरला एक गुण कमी. आता नळीच्या टोकाची फोरसाईट आणि डोळ्याकडची खाचेची बॅकसाईट यांमधलं अंतर साधारण 320 मिलिमीटर धरा. दोन्ही साईट्सची रांग एक मिलिमीटरने चुकली, तर 10 मीटरवर शॉट सुमारे 31 मिलिमीटर सरकतो. पाव मिलिमीटर चुकली की जवळजवळ 8 मिलिमीटर, म्हणजे टेनच्या अगदी काठावर. याउलट साईट्सची रांग अचूक ठेवून अख्खा हातच पाच-सहा मिलिमीटर डोलत असेल, तरी शॉट टेनच.

म्हणून होल्ड डोलतो ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी त्याचा होल्ड बघतच नाही, मनगट बघतो. गुण जातात ते ट्रिगर सुटण्याच्या क्षणी मनगटात होणाऱ्या हालचालीने. आणि ती हालचाल कमी करण्याची ताकद पिस्तुलाच्या दोनच भागांत आहे: ग्रिप आणि ट्रिगर. बाकी सगळं त्यांच्या मागून.

बॅरलबद्दल एक गैरसमज आधीच काढून टाकतो. महागडं पिस्तूल जास्त अचूक मारतं, हे या खेळात फारसं खरं नाही. नावाजलेल्या मॅच पिस्तुलांच्या बेसिक आणि प्रीमियम आवृत्त्यांमध्ये बॅरलच्या दर्जात सहसा फरक नसतो. टेबलावरच्या पकडीत (व्हाइसमध्ये) घट्ट बसवून, मानवणाऱ्या पेलेटने पाच शॉट मारले तर दोन्ही पिस्तुलं एकात एक घुसलेलं एकच भोक दाखवतील, आणि ते भोक टेनमध्ये आरामात मावतं. तुमच्या पिस्तुलाचं तसं होत नसेल तर आधी पेलेट बदलून बघा. 4.49, 4.50, 4.51 अशा वेगवेगळ्या हेड साईझचे, वेगवेगळ्या बॅचचे चार-पाच डबे एकदा पकडीत मारून बघायला एक दुपार लागते. नवं पिस्तूल घ्यायची तयारी असलेले कितीतरी नेमबाज ही दुपार काढत नाहीत, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

मग प्रीमियममध्ये पैसे कशाचे? एकेक घेऊ.

ॲब्सॉर्बरची चर्चा सगळ्यात जास्त होते. स्टायर कंपनीची एलपी 2 आणि एलपी 10 ही जोडी बऱ्याच जणांनी हाताळलेली असेल. एलपी 10 मध्ये शॉटचा धक्का खाण्यासाठी सरकणारं वजन बसवलेलं आहे, एलपी 2 मध्ये ते नाही. तत्त्व सोपं आहे. हवा पेलेटला पुढे ढकलते तेव्हा पिस्तूल मागे-वर जाऊ पाहतं, त्याच वेळी आतलं छोटं वजन पेलेटच्या उलट दिशेला सरकून तो धक्का बराचसा खाऊन टाकतं. पण पेलेट जेमतेम अर्धा ग्रॅमचं, वेग सेकंदाला 150 मीटरच्या आसपास. ते बॅरलमधून काही मिलिसेकंदांत बाहेर पडतं, आणि तुम्हाला जाणवणारी उडी बरीचशी त्यानंतरची असते. म्हणजे ॲब्सॉर्बरमुळे शॉट फार सुधारतो असं नाही. सुधारतं ते शॉटनंतरचं चित्र. फोरसाईट जागच्या जागी राहते, त्यामुळे शॉट सुटताना ती नेमकी कुठे होती हे दिसतं. 'हा उजवीकडे नाईन' असं स्क्रीनकडे बघण्याआधी सांगता येणं, म्हणजेच शॉट कॉल करणं, ही मोठी गोष्ट आहे. 575 च्या पुढच्या नेमबाजाला त्यातून खूप मिळतं. पण ज्याचा फॉलो थ्रूच नाही, शॉट सुटताक्षणी जो हात खाली घेतो, तो ते चित्र बघायला थांबतच नाही. त्याच्यासाठी ॲब्सॉर्बर म्हणजे आंधळ्यापुढे आरसा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे आणि काही सहकाऱ्यांना ते पटत नाही. मोरिनी कंपनीच्या सीएम 162 मध्ये ईआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक आणि एमआय म्हणजे मेकॅनिकल, अशा दोन्ही प्रकारांवर मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं आहे. नीट लावलेला मेकॅनिकल ट्रिगर आणि नीट लावलेला इलेक्ट्रॉनिक ट्रिगर यांतला फरक मॅचच्या शॉटमध्ये बहुतेकांना सांगता येत नाही. डोळे मिटून दोन्ही ओढायला लावा, चुकतात. पण सरावात फरक पडतो. मेकॅनिकलमध्ये ड्राय फायर (पेलेट न घालता ट्रिगर ओढायचा सराव) करायचं तर दरवेळी कॉक करावं लागतं, म्हणजे खटका पुन्हा चढवावा लागतो. पकड ढिली होते, मनगट वळतं, पुन्हा सगळी जुळवाजुळव. इलेक्ट्रॉनिकमध्ये पकड न मोडता पुन्हा पुन्हा ट्रिगर ओढता येतो. जो रोज तासभर ड्राय फायर करतो, त्याच्यासाठी प्रीमियम आवृत्तीतली सर्वांत किमती गोष्ट हीच. जो करत नाही, त्याच्यासाठी तो बॅटरीवर चालणारा एक खटका आहे आणि मॅचच्या सकाळी सेल संपला तर डोकेदुखी.

तुमचा सध्याचा ट्रिगर तुम्ही शेवटचा कधी मोजलात? नियमाप्रमाणे किमान 500 ग्रॅम. स्पर्धेआधीच्या साधन तपासणीत, म्हणजे इक्विपमेंट कंट्रोलला, बॅरल उभी धरून वजन उचलायला लावतात. तीन प्रयत्न मिळतात. म्हणून 500 वर अगदी टेकवून ठेवू नका, 510-520 असू द्या. पण खरा प्रश्न एकूण वजनाचा नसून वाटणीचा आहे. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो; पहिल्या टप्प्यात किती वजन आणि दुसऱ्यात किती? माझ्याकडे येणाऱ्या बेसिक पिस्तुलांमध्ये पहिला टप्पा खूप हलका आणि दुसरा जड अशी वाटणी वारंवार दिसते. मग दुसऱ्या टप्प्याशी बोट अडतं, नेमबाज वाट बघतो आणि शेवटी झटका देतो. पहिल्या टप्प्यावर जास्त भार टाकला, दुसऱ्यावर थोडाच शिल्लक ठेवला, तर सुकी काडी मोडावी तसा शॉट सुटतो आणि बोटाला सुटल्याचं नंतर कळतं. एक लहान स्क्रू ड्रायव्हर, ट्रिगर मोजायचं वजन आणि तासभर वेळ. बहुतेक बेसिक मॉडेल्समध्ये हे स्क्रू असतातच. फक्त पुस्तिका कुणी उघडत नाही.

आता ग्रिप, माझा आवडता विषय, इथे मला थोडं मोकळं बोलू द्या. पिस्तूल हातात धरा, डोळे मिटा, हात वर घ्या, दोन श्वासांनंतर डोळे उघडा. फोरसाईट बॅकसाईटच्या खाचेत मधोमध, वरच्या कडा समपातळीत दिसल्या पाहिजेत. दहा वेळा करा आणि लिहून ठेवा. दहापैकी सात वेळा फोरसाईट डावीकडे झुकलेली दिसली, तर तुम्ही प्रत्येक शॉटला मनगट वळवून ती मध्ये आणता. साठाव्या शॉटला ते मनगट थकतं आणि मूळ जागी परत जातं. शेवटच्या दहा शॉटच्या सिरीजमध्ये गुण का कोसळतात, याचं अर्धं उत्तर इथे असतं.

उपाय? पॉलिश पेपर आणि लाकडाची पुट्टी. तळहात दबतो तिथे थोडं घासा, पोकळी राहते तिथे थोडं भरा, आठवडाभर मारा, पुन्हा बघा. घाई केली तर लाकूड परत येत नाही, पुट्टी मात्र काढता येते. म्हणून भरणं आधी, घासणं नंतर. नियमांची मर्यादा लक्षात ठेवा: ग्रिपने मनगटाला वेढा घालायचा नाही, तळहाताखालच्या आधाराच्या पट्टीचा ग्रिपशी कोन 90 अंशांपेक्षा कमी करायचा नाही, आणि पिस्तूल ग्रिपसकट 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे. स्वतःला जमत नसेल तर हाताच्या मापाची ग्रिप करून देणारे कारागीर आहेत. जर्मनीतली रिंक कंपनी हाताची रेखाकृती मागवून ग्रिप बनवते. अशी ग्रिप प्रीमियम पिस्तुलाच्या किमतीचा लहानसा भाग असते. प्रीमियममधली फिरवता येणारी ग्रिप चांगलीच असते, पण ती फिरते म्हणून आपोआप तुमच्या हाताची होत नाही. उलट फिरते म्हणूनच लोक दर आठवड्याला ती फिरवत बसतात, हेही पाहिलं आहे.

साईट्सबद्दल फार बोलण्यासारखं नाही. प्रीमियममध्ये फोरसाईट फिरवून रुंदी बदलता येते, बेसिकमध्ये पट्टी काढून दुसरी बसवावी लागते. रुंदी एकदा ठरली की दोन्ही सारख्याच. वजनाच्या पट्ट्यांचंही तसंच. 1500 ग्रॅमच्या मर्यादेत कुठे किती वजन लावायचं हा ज्याच्या त्याच्या खांद्याचा प्रश्न, आणि बऱ्याच बेसिक मॉडेल्सनाही वजनं जोडता येतात.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर एक उलटा गैरसमज पसरला. तुर्कस्तानच्या युसूफ दिकेच यांनी शेव्वाल इलायदा तारहान यांच्यासोबत मिश्र सांघिक गटात रौप्य जिंकलं, आणि साधा चष्मा, एक हात खिशात असा त्यांचा फोटो जगभर फिरला. 'बघा, साधनं लागतच नाहीत' असं लोक म्हणू लागले. अहो, त्यांनी नेमबाजीची खास लेन्स आणि दुसरा डोळा झाकणारा ब्लाइंडर लावला नव्हता हे खरं, पण हातात होतं ते अस्सल मॅच पिस्तूलच, मॅच ग्रिपसकट. शिवाय ते त्यांचं पाचवं ऑलिंपिक होतं. नाचता येईना अंगण वाकडं हे आपण नेहमी म्हणतो, पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. तेव्हा ते वाकडं आहे हे मान्य करावं. ट्रिगर सेटिंग टिकत नाही, दुसरा टप्पा आज इथे आणि उद्या तिथे, हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर दमल्यामुळे पेलेटचा वेग वरखाली होतो, तुमच्या हाताला पुरेल अशी ग्रिप त्या मॉडेलला मिळतच नाही: यांतलं काही असेल आणि दुरुस्तीने जात नसेल, तर पिस्तूल बदला, निःशंक बदला.

मी स्वतः ही चूक कशी केली ते सांगतो. निवड स्पर्धेला सात आठवडे असताना मी बेसिकवरून त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीवर गेलो. पहिले दहा दिवस गुण वाढले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते खोटं नाही. नवी वस्तू हातात आली की माणूस प्रत्येक शॉट लक्ष देऊन मारतो, आणि श्रेय वस्तूला जातं. मग घसरण सुरू झाली. ग्रिपचा कोन अगदी थोडा वेगळा होता, त्यामुळे हात वर आला की फोरसाईट खाली दबलेली दिसायची. ट्रिगर कंपनीने लावला होता तसाच मी ठेवला होता, कारण 'कंपनीने लावलाय तर बरोबरच असेल'. पाचव्या आठवड्यात घाबरून जुन्या पिस्तुलाकडे परतलो, तर तेही परकं वाटायला लागलेलं. निवड हुकली. पिस्तुलात काहीही खोट नव्हती. नंतर त्याच पिस्तुलाने मला बरंच काही दिलं, पण त्याला आठ महिने लागले.

म्हणून तुम्ही शेवटी घ्यायचं ठरवलंत, तर मोठी स्पर्धा चार महिन्यांच्या आत नको. जुन्या पिस्तुलाची सगळी मापं आधी वहीत उतरवा: दोन्ही टप्प्यांचं वजन, ट्रिगरची पुढे-मागे जागा, तो कोणत्या बाजूला वळवलाय, सुटल्यानंतर किती मागे जातो, बॅकसाईटच्या खाचेची रुंदी, फोरसाईटची रुंदी, एकूण वजन आणि तोल कुठे येतो. नवं पिस्तूल आधी हुबेहूब त्यावर लावा. नवी सोय वापरून बघायची ती एका वेळी एकच, आणि किमान दोन आठवडे.

एकाच मॉडेलमध्ये राहण्याचा खरा फायदा मला वाटतो तो वेगळाच आहे. जुनं विकू नका. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल 10 मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मध्येच बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला, 575 गुणांवर ती 12 वी आली. पुढच्या ऑलिंपिकमध्ये, पॅरिसला, तिनेच याच प्रकारात कांस्य जिंकलं. यंत्र कुणाचंही बिघडतं, सर्वोत्तमाचंही. दुसरं पिस्तूल पेटीत असेल आणि ते त्याच घडणीचं, त्याच ग्रिपच्या कोनाचं, त्याच ट्रिगर वजनाला लावलेलं असेल, तर पाच सायटर (गुणांत न धरले जाणारे शॉट) मारून तुम्ही पुन्हा खेळात असता. मात्र एका पिस्तुलाची ग्रिप आणि हवेचं सिलिंडर दुसऱ्याला लागतात का, हे घेण्यापूर्वी हाताने लावून बघा. नाव एकच असलं तरी पिढी बदलली की जोडणी बदलू शकते.

वापरलेलं प्रीमियम मिळत असेल तर पहिली नजर सिलिंडरवर कोरलेल्या तारखेवर टाका. या 200 बार दाबाच्या सिलिंडरना उत्पादक साधारण 10 वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेलं सिलिंडर लावून स्पर्धेत उतरता येत नाही. दोन सिलिंडरची मुदत संपत आली असेल तर तो खर्च किमतीत धरा. मग सिलिंडर भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी मीटर बघा. काटा खाली आला असेल तर कुठली तरी सील गळतेय. त्यात घाबरण्यासारखं नाही, पण भाव करताना उपयोगी पडतं.

शेवटची चाचणी, विकत घेण्याआधीची. क्लबमधल्या कुणाकडे ते मॉडेल असेल तर चार दिवसांसाठी मागून घ्या. पहिल्या दिवशी आधी जुन्याने 30 शॉट, मग नव्याने 30. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा. तिसरा आणि चौथा दिवस पुन्हा तसेच. बेरीज करू नका. प्रत्येक शॉटनंतर स्क्रीनकडे बघण्याआधी तो कुठे गेला ते बोला, आणि सोबतच्या माणसाला दोन गोष्टी लिहायला सांगा: किती शॉट बरोबर कॉल झाले, आणि एट किंवा त्याखाली किती गेले. नेम कसा हलतो ते टिपणारं स्कॅटसारखं इलेक्ट्रॉनिक ट्रेनर हाताशी असेल तर शॉटआधीच्या शेवटच्या पाव सेकंदातली रेघही दोन्ही पिस्तुलांची शेजारी शेजारी ठेवून बघा.

नव्याने कॉल स्पष्ट वाढले आणि एट कमी झाले, तर घ्या, माझं वरचं मत विसरा. नुसते कॉल वाढले आणि एट तेवढेच राहिले, तर ते एट ट्रिगरच्या बोटातून येतायत. आणि दोन्ही आकडे सारखेच आले तर पिस्तूल परत करा, आणि येताना पुट्टीचा डबा घेऊन या.